कालव्याकाठचा वटवट्या

निफाड तालुक्यात राहणाऱ्याला पक्षी पाहण्यासाठी दूरच्या प्रवासाला जावे लागत नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वर येथे इंग्रजी अमदानीत दगडी बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला आणि उथळ पाणी, पाणवनस्पती व चिखलाची बेटे तयार झाली. बंधाऱ्याचे दुखणे पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. 1986 मध्ये येथे अभयारण्य झाले आणि 2020 च्या जानेवारीत हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर शहरांतून माणसे येतात, चक्रवाक व थापट्या पाहतात आणि संध्याकाळी परततात. आमचे पक्षिदर्शन मात्र घराजवळच्या कालव्याच्या भरावावर, जेमतेम दीड किलोमीटरच्या वाटेवर चालते.

आमचे म्हणजे माझे आणि माझ्या सासऱ्यांचे. सारे घर त्यांना अण्णा म्हणते. ते पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आज त्यांचे वय 82 आहे. सासूबाई गेल्यानंतर ते खुर्चीतून उठेनासे झाले, तेव्हा साखर आणि गुडघे यांचे निमित्त काढून मी त्यांना बाहेर नेऊ लागले. माझे माहेर दादरचे. कावळा, चिमणी, कबुतर यांपलीकडे माझे ज्ञान नव्हते. शेकाट्या, वेडा राघू, धोबी, हळदी-कुंकू बदक ही नावे मला अण्णांनी शिकवली. औषध म्हणून मी त्यांना नेत होते आणि शिकत मी होते.

पक्षिमित्र पहाटे निघायला सांगतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. निफाडची थंडी राज्यात कुप्रसिद्ध आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो. म्हणून पौष-माघात आम्ही आठ वाजता, ऊन अंगावर आल्यावर निघतो. कानटोपी, काठी, पायमोजे आणि मधुमेह असल्यामुळे खिशात खडीसाखर. पाणथळीतले बदक आठ वाजताही जागेवरच असते.

गेल्या श्रावणात त्या वाटेवर एक गोष्ट घडली. तिच्याविषयी लिहायला मला अजून संकोच वाटतो. पाऊस थांबला होता, ऊस डोक्याएवढा वाढला होता. अण्णा थबकले आणि म्हणाले, "सूनबाई, यंदा वटवट्या नाहीत. पूर्वी श्रावणात हा ऊस नुसता वाजायचा. फवारण्यांनी संपवले बघा सगळे." त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता. आणि त्याच क्षणी, आमच्यापासून दहा हातांवर, उसाच्या पात्यावर शेपटी उभारून एक वटवट्या घसा फोडून ओरडत होता.

मी बोट दाखवले. त्यांना तो दिसला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने नजर उत्तम आहे. पक्ष्याची चोच उघडत-मिटत होती. अण्णांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा ओरडतोय?"

पुढे काही दिवस मी चाचणीच घेतली म्हणाना. भारद्वाजाचा घुमणारा, खोल आवाज त्यांना माझ्याआधी ऐकू येई. होल्याचा येई. शिंजिराची बारीक चिवचिव मुळीच नाही. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणाची रीतच ही: आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात, खर्जातले मागे राहतात. स, श, फ, त ही व्यंजनेही त्याच उंच पट्टीत असतात. त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. स्त्रियांचे आणि मुलांचे बोलणे अधिक निसटते. दोन वर्षे मी घरात कुरकुरत होते की अण्णा मुलाचे ऐकतात आणि माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात. नातवंडांशी बोलणे त्यांनी कमी केले, तेव्हा मी ते दुःखाच्या खाती टाकले. एकदा तर विसरभोळेपणाची शंका घेतली. रोज दवाखान्यात पन्नास लोकांचे कान पाहणाऱ्या डॉक्टरला स्वतःच्या ओसरीवरचा कान दिसला नाही. तो उसातल्या पाखराने दाखवला.

कानात मळ साचला आहे काय, हे आधी पाहिले, तो नव्हता. मग नाशिकला नेऊन श्रवणचाचणी केली. कागदावरची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे, उंच ध्वनींच्या बाजूला, घाटासारखी उतरली होती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 पासून आपल्या अहवालांत श्रवणदोषाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये धरले आहे. तरी अण्णा यंत्र लावायला तयार नव्हते. "लोक म्हणतील, म्हातारा बहिरा झाला." मी म्हटले, "अण्णा, आता लोक म्हणतात, म्हातारा तिरसट झाला." त्यावर ते हसले आणि तयार झाले.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःच्याच चपलांचा आवाज असह्य होऊन यंत्र डबीत जाई. पुष्कळ घरांत ते कायमचे तिथेच राहते. मेंदूला विसरलेल्या आवाजांची पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो, हे आधी सांगितलेले नसते. आम्ही सुरुवात कालव्यावर केली: रोज अर्धा तास, जिथे पक्षी, वारा आणि पाणी याखेरीज गोंगाट नाही. मग घरात, आणि सर्वांत शेवटी लग्नाच्या मांडवात.

एक गोष्ट मात्र खरी. अण्णांची हरवलेल्या पक्ष्यांची यादी सगळीच कानाची चूक नव्हती. त्यांच्या तरुणपणी मेलेल्या बैलावर गिधाडांचे थवे उतरत. ती गेली, ती खरोखरच गेली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक मृत शरीरातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गुडघेदुखीसाठी तेच औषध मी माणसांना लिहून देते. ते लिहिताना आता हात क्षणभर थांबतो आणि मूत्रपिंडाचा अहवाल मागतो; वृद्धांच्या बाबतीत तो मागायलाच हवा. गिधाडांसाठी अण्णांना कोणतेही यंत्र मी देऊ शकत नाही. तेव्हा आम्ही यादी पुन्हा तपासायला घेतली आहे. कोण सोडून गेले आणि कोण इथेच होते, याची दोन रकान्यांत नोंद होते. वही अण्णांची, खात्यातली जुनी सवय.

चैत्र-वैशाखात आम्ही वेळ बदलून साडेसहाला निघतो. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना बाहेर पडण्याची धास्ती असते. त्यांनी तिची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, पण परस्पर बदलू नये. अण्णांची ती गोळी आम्ही परतल्यावर ठेवली आहे.

यंदा ज्येष्ठात ढग भरून आले होते. मी मोबाइलमध्ये एका रुग्णाचा अहवाल वाचत मागे रेंगाळले होते. अण्णा पुढे थांबले, काठी वर करून त्यांनी मला गप्प राहण्याची खूण केली. मला काहीच ऐकू आले नाही. मग पलीकडच्या बाभळींतून, फार दुरून, पावशाची ती चढत जाणारी हाक आली: पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "तुमचे कान एकदा तपासून घ्या." आणि त्यांनी खिशातून वही काढली.