साठची पुली, पन्नासचा मुलूख

मिरजेत राहणाऱ्या प्रत्येकाला सूर कळतो असे नाही. पण सुराविषयी बोलायची सवय मात्र सगळ्यांना असते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी हे गाव आपले मानले. ते १९३७ साली गेले, पण दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाण्याच्या बैठका होतात. एके काळी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे वंशज इथे तंबोरे आणि सतारी घडवतात. २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. अशा गावात आमच्या घरी मात्र एक रेकॉर्ड प्लेअर बेसूर म्हणून कित्येक वर्षे माळ्यावर पडून होता.

तो माझ्या मामूंनी १९८४ साली जेद्दाहून आणला. मामू तिथे ड्रायव्हर होते. अब्बा रेल्वेत कारकून. पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकून अब्बांनी पैसे जमवले होते आणि मामूंना निरोप पाठवला होता, की आणायचा तर जपानी, पट्ट्यावर चालणारा आणा. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोटार थाळीपासून लांब असते. दोघांमध्ये फक्त रबराचा पट्टा. त्यामुळे मोटारीची थरथर सुईपर्यंत पोहोचत नाही, हे अब्बांनी कुठेतरी वाचले होते.

मशीन आले, व्होल्टेजचा खटका २२० वर केला, तबकडी ठेवली आणि खाँसाहेबांचा तो बारीक, टिपेला जाणारा आवाज जाड होऊन बाहेर पडला. बेगम अख्तर तर एखाद्या पुरुषासारख्या गायला लागल्या. गावातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने मशीन उघडले, तेल घातले, पट्टा बदलला आणि सांगितले, “मोटार कमजोर आहे. वापरलेला माल दिसतो.”

हे वाक्य घरात राहिले. अब्बांना वाटले, मेहुण्याने नव्याचे पैसे घेऊन जुने मशीन गळ्यात मारले. मामू कुराणावर हात ठेवायला तयार होते. “दुकानात उम्म कुलसूमची तबकडी लावून स्वतः ऐकली, तेव्हाच पैसे मोजले,” असे ते म्हणत. अब्बा उत्तर देत नसत. ईदला येणे-जाणे होते, शीरखुर्म्याची वाटी पुढे होत होती, पण दोघांमधले बोलणे सलाम-दुआपुरते उरले. मशीन काही वर्षे वापरले गेले. रमजान आला की त्यावर चादर पडे. मग एका रमजाननंतर ती चादर निघालीच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. आमचे घर नदीकडच्या भागात. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना माळ्यावरचे सगळे सामान खाली आले, त्यात हेही. दमटपणाने त्याच्या प्लायवूडच्या पेटीचे पदर सुटले होते. पट्ट्याचे डांबर झाले होते. मी ते कोरडे करून कपाटात ठेवले. पुढे कोरोना आला, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये मामू गेले. जनाजाला अब्बांना जाता आले नाही. त्या दिवशी अब्बा एकच वाक्य बोलले, “आदमी बुरा नहीं था.” त्या वाक्यात एक ‘पण’ होता. तो त्यांनी उच्चारला नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी. एड. करताना पाठ घेण्यासाठी टाकाऊ वस्तूंतून साधने बनवायची सवय लागली, ती सुटलेली नाही. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत मशीन टेबलावर घेतले.

आधी सफाई. थाळीच्या आतल्या कडेला चिकटलेले रबर स्पिरिटने पुसून काढायला दोन दुपारी गेल्या. मधला दांडा ज्या नळीत फिरतो तिथले तेल गोंदासारखे घट्ट झाले होते. ते काढून शिलाई मशीनचे तेल चार थेंब सोडले. थाळी हाताने फिरवली तर कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहिली. पुली आणि थाळी यांच्याभोवती दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून किंचित आखूड पट्टा मागवला. सुई नवी घेतली आणि दांडीमागचे वजन फिरवून तिचा भार दोन ग्रॅमवर आणला. भार जास्त झाला तर तबकडी झिजते. कमी झाला तर सुई उड्या मारते, आणि त्याने तबकडी अधिकच खराब होते.

मग थाळीला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ३३⅓ हवेत. भरले २८ ला जरा कमी. पुन्हा मोजले, तेवढेच. तीन वेळा मोजले, तरी तेवढेच. मी तिथेच थांबले. कमजोर मोटार अशी शिस्तीत कमजोर नसते. ती कधी २९ देईल, कधी २६. ही मोटार एका ठरलेल्या प्रमाणात हळू होती. सहा फेऱ्यांच्या जागी पाच.

मशीन उलटे केले. बुडाला धातूची पट्टी होती. तिच्यावर व्होल्टेजचे आकडे होते आणि शेजारी लिहिले होते, ६० हर्ट्झ.

आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो. सौदीत ६०. मराठी पुस्तकात याला वारंवारता म्हणतात, आमच्या उर्दू पुस्तकात ‘तअद्दुद’. या जातीची मोटार व्होल्टेजच्या थोड्याफार चढउताराला दाद देत नाही. ती वारंवारतेच्या पावलावर पाऊल टाकते. चार ध्रुवांची असेल तर ६० वर मिनिटाला १८०० फेरे, ५० वर १५००. जेद्दाच्या दुकानात हे मशीन अगदी बरोबर चालत होते. मिरजेत येताच ते सुमारे तीन स्वरांनी उतरले. काळी पाचचा गळा पांढरी पाचवर आला. व्होल्टेजचा खटका सगळ्यांनी पाहिला. वारंवारता कुणी पाहिली नाही.

म्हणजे मामू खरे बोलत होते. आणि अब्बाही. दोघांनी आपापल्या कानांनी जे ऐकले तेच सांगितले होते. फक्त ऐकण्याच्या दोन जागांमध्ये दहा आवर्तनांचे अंतर होते.

उपाय दोन होते. साठची वीज तयार करणारे यंत्र लावायचे किंवा मोटारीवरची पुली बदलायची. पहिला उपाय महाग. दुसऱ्यासाठी लेथवाला हवा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये गेले. बुरख्यातली बाई हातात पेरभर पितळ घेऊन आलेली पाहून तिथली पोरे गप्प झाली. म्हाताऱ्या टर्नरने चष्मा वर केला आणि विचारले, “काय बनवायचं, बाई?” मी वहीतले गणित दाखवले. घेर सहा-पंचमांश मोठा हवा, पट्ट्याची जाडीही हिशेबात धरायची, ४५ फेऱ्यांसाठी वरची पायरी वेगळी, आणि पट्टा घसरू नये म्हणून प्रत्येक पायरी मधोमध किंचित फुगीर. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “थोडी जास्तच ठेवतो. काढता येतं, घालता येत नाही.” मग तीन खेपा झाल्या. दर खेपेला केसभर पितळ उतरले.

वेग तपासायचे काम माझ्या आठवीच्या मुलींनी सोपे केले. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. योग्य वेगाच्या थाळीला एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात, म्हणजे एका फेऱ्यात १८० उघडझापी. म्हणून पुठ्ठ्याच्या चकतीवर दर दोन अंशांना एक, अशा १८० रेघा मुलींनी कोनमापकाने आखल्या. वेग बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. कमी असेल तर मागे सरकतात. तिसऱ्या खेपेनंतर रेघा थांबल्या. “टीचर, रुक गई!” असे ओरडून एकीने मेज वाजवले आणि सुई नसलेली दांडीसुद्धा हलली.

पेटी नवी केली. सतारमेकरांच्या गल्लीतून तुनाच्या लाकडाचे जड तुकडे मिळाले. देणाऱ्या चाचांनी पैसे घेतले नाहीत. सूर उतरला होता तो चढल्यावर ऐकवायचा, एवढीच अट घातली. ते आले. खाँसाहेबांची तबकडी लावली. चाचांनी मान हलवली, बोलले काही नाही. अब्बा खिडकीजवळ बसले होते. एक बाजू संपली, सुई मधल्या खाचेत खरखरत राहिली, तरी कुणी उठले नाही.

मी अब्बांना बुडाची पट्टी आणि वहीतले गणित दाखवले. रेल्वेत त्यांनी आयुष्यभर आकडे तपासले आहेत. त्यांनी बेरीज तपासावी तसे बोट फिरवले. मग मुमानींना फोन लावला. म्हणाले, “मशीन में कोई ऐब नहीं था. उसका भी नहीं.” पलीकडून काय आले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवून अब्बा वुजूला गेले. असरची वेळ अजून झाली नव्हती.

माझ्या मुली दहावीनंतर अकरावीला जातात. तिथे सगळे इंग्रजीत नाही तर मराठीत. पहिले दोन-तीन महिने त्या गप्प बसतात आणि कुणीतरी शेरा मारते, मंद आहेत. शेरा मारणाऱ्याची नियत वाईट असते असे नाही. दुरुस्तीवाल्याचीही नव्हती. पण त्याने तेल घातले, पट्टा बदलला आणि फेरे मोजले नाहीत. मोजले असते तर कळले असते, की मोटार या घरच्या विजेशी पूर्ण इमानदार आहे. फक्त तिच्यावर बसवलेली पितळी पुली दुसऱ्या मुलखासाठी कातलेली आहे. आता अकरावीत जाणाऱ्या मुलींसाठी मी सुट्टीत विज्ञानाच्या शब्दांचा तासभर वर्ग घेते. उर्दू, मराठी, इंग्रजी असे तिन्ही शब्द शेजारी-शेजारी. तअद्दुद, वारंवारता, फ्रीक्वेन्सी. केसभर पितळाचेच काम आहे. तीन खेपा लागतात.

जुनी पुली मी टाकलेली नाही. ती एका लहान डबीत घालून नव्या पेटीच्या आत बांधली आहे. सोबत उर्दूत आणि मराठीत चिठ्ठी: ‘हे मशीन साठच्या मुलखात न्याल तर ही बसवा.’ माझा मामेभाऊ सध्या दम्माममध्ये आहे. त्याने मागितले तर द्यायचे, असे अब्बांनी सांगून ठेवले आहे.