ठोक्याविना चाल

तालवाद्याशिवाय वाद्यसंगीत उभं राहत नाही, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. त्यातही कॉम्प्युटरवर केलेलं संगीत. तिथं ना गायकाचा गळा, ना गाण्याचे बोल, ना बासरीवाल्याचा दम. मग ऐकणाऱ्यानं धरून चालायचं ते कशाला? ढोल हा मांडवाचा मधला खांब, तो काढला की सगळं कापड अंगावर येणार, असं मी म्हणायचो आणि त्यावरून भांडायचोही. आज मी ढोल, किक, तबला यांतलं काहीही न घेता रचना करतो. तसं करावं, असं दुसऱ्यालाही सुचवतो. हे मत कसं पालटलं ते लिहायला हवं असं वाटलं, कारण आमच्या भागात लॅपटॉपवर संगीत करणारी पोरं वाढली आहेत आणि बहुतेक जण पहिल्या दिवशी एफएल स्टुडिओ उघडून आधी किकच मांडतात.

मीही तेच करायचो, आणि त्याला कारण होतं. सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर सूर पडायच्या आधी ठोका पडतो. कुस्तीचं मैदान हलगीशिवाय रंगत नाही. जत्रेत धनगरांचे ढोल-कैताळ, शाळेच्या मैदानावर लेझीम, वरातीत बेंजो पार्टी आणि गणपतीत डॉल्बी. ऊस तोडून कारखान्याला निघालेला ट्रॅक्टरसुद्धा टेप लावल्याशिवाय हलत नाही, आणि त्या टेपमधलं लांबून जे ऐकू येतं ते गाणं नसतं, फक्त खालचा धप्प धप्प आवाज असतो. सूर वाऱ्यावर विरतात, ठोका शिवार ओलांडून येतो. मी मंडळांसाठी ट्रॅक करून द्यायचो तेव्हा हेच गणित होतं: दीडशे फुटांवरच्या पोराचा पाय उचलला पाहिजे. तो उचलायचाही. त्या कामाबद्दल मला आजही कमीपणा वाटत नाही.

मत हललं ते 2019 च्या महापुरानंतर. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका मानणाऱ्या नदीच्या काठी आम्ही राहतो. त्या दिवसांत माणसं एकमेकांना भेटली की आधी फूट-इंच विचारायची. सांगलीचा रस्ता बंद झाला होता आणि मोबाईलवर एकच आकडा फिरत होता. पाणी ओसरल्यावर मला त्यावर एक रचना करावीशी वाटली. शब्द नकोत, फक्त वाद्य. चाळीस फुटांपासून वर चढत जाणारी पातळी हाच तिचा आराखडा धरला. सिंथचा एक खर्जातला स्वर लावला आणि पातळी जशी वाढेल तसा त्याचा फिल्टर उघडत नेला. मग सवयीनं खाली किक घातला.

आणि ते खोटं वाटायला लागलं. बातम्यांच्या चॅनेलवर पुराची दृश्यं दाखवताना मागं जे धडधडतं, तसं. पाणी तसं आलंच नव्हतं. त्याला ठोका नव्हता. रात्री पायरीच्या खाली असलेलं पाणी सकाळी पायरीच्या वर होतं, आणि ते कधी चढलं हे जागं राहिलेल्यालाही सांगता येत नव्हतं. ज्या गोष्टीला सुरुवातीचा क्षणच नाही तिच्याखाली मी दर सेकंदाला दोनदा ‘इथं, इथं’ म्हणून बोट दाखवत होतो. किक मंद केला, लांब केला, त्याच्या जागी घुमकं लावून पाहिलं. शेवटी चॅनेल म्यूट केला.

म्यूट केल्यावर जे ऐकू आलं, त्यानं मला पुढचं सगळं शिकवलं. ठोका गेला, पण सूर अजून गचके खात होते. हे काम जाणणाऱ्यांना कारण लगेच कळेल. किकला जागा मिळावी म्हणून बाकीचे सूर त्याच्या प्रत्येक आघाताला क्षणभर दाबायची पद्धत आहे, तिला साइडचेन म्हणतात. किक म्यूट असला तरी ती जोडणी चालूच होती. म्हणजे वाजत नसलेल्या ढोलासमोर माझे सगळे सूर दर सेकंदाला दोनदा मान तुकवत होते. मी ती जोडणी काढली. मग कळलं की खाली फारसं काही उरतच नाही. तीन स्वर, ताणून लांब केलेले. ते सुरू कसे होतात, संपतात कुठं, मधे काय होतं, यातलं काहीच मी रचलं नव्हतं. रचायची गरजच पडली नव्हती, कारण कान ठोक्याकडं असायचा. वरच्या पट्टीत हाय-हॅटची सळसळ, खालच्या पट्टीत किकचं वजन. मधल्या सुरांत काय चाललंय हे ना मी ऐकत होतो, ना दुसरं कुणी.

तिथून पुढची वाट मला मिरजेत सापडली. आमच्यापासून मिरज म्हणजे तासाभराचा रस्ता. फरीदसाहेब सतारमेकरांपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तिथं तंतुवाद्यं घडतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेलो होतो तंबोऱ्याचे नमुने रेकॉर्ड करायला, आणि बसून राहिलो ते जवारी काढताना पाहायला. कारागिरानं तंबोरा आडवा घेतला. तार घोडीवर ताणलेली होती, पण छेडली की नुसतीच ‘टण्’ करून मिटत होती. त्यानं घोडीच्या पाठीवर हलक्या हातानं कानस फिरवली, पुन्हा तार बसवली, पुन्हा छेडली. मग सुताचा एक धागा तारेखाली सरकवला आणि नखानं केसभर पुढं-मागं करत राहिला. एका जागी आल्यावर ती तार एकदम उघडली. आवाज मोठा झाला नव्हता, लांब झाला होता, आणि त्याच्या पोटातून एकामागून एक उपस्वर वर येत होते. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार लहानपणी नुसता ऐकून माहीत होता. तो त्या दिवशी माझ्या हेडफोनमध्ये उमलला, तार छेडल्यानंतर बऱ्याच वेळानं, जिथं माझ्या जुन्या ट्रॅकमध्ये पुढचे दोन-तीन ठोके पडून गेले असते.

या रुंद, किंचित उतरत्या घोडीवर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये लिहून ठेवलं आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूशी ज्या उपस्वरांची गाठ पडते ते एरवी ऐकू यायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते येतात, आणि ती किमया घोडीची. मला यातलं भौतिकशास्त्र जेवढं महत्त्वाचं वाटलं तेवढंच त्यातलं काळाचं भान. एका आघातानंतर स्वराच्या आत घटना घडत राहतात, त्यांना क्रम असतो, अंतर असतं. तिथं लय आहेच. आणि तंबोरा साथीच्या तबल्याच्या मात्रांना बांधून कुणी वाजवत नाही. पंचम, जोड, खर्ज ही फेरी आपल्या चालीनं चालते, ख्याल आपल्या. मिरज हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. 1937 मध्ये गेल्यावर त्यांचं दफनही तिथल्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दर वर्षी त्यांच्या स्मृतीला तिथं गाणं होतं. लहानपणी त्या गाण्याला नेलं की मी तबल्याची वाट पाहत बसायचो. आता आलाप संपू नये असं वाटतं.

तंबोरा लावताना जोडाच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात आल्या की एक लहर ऐकू येते: वाँव, वाँव, वाँव. तारा जुळत जातात तशी ती मंदावते, आणि पूर्ण जुळल्या की नाहीशी होते. लावणारा ती लहर घालवण्यासाठी खुंटी पिळतो. मी तीच लहर ठेवायची ठरवली. एका सिंथचा स्वर 110 हर्ट्झवर ठेवा, दुसऱ्याचा 111 वर. सेकंदाला एक हेलकावा मिळतो. दुसरा 110.5 केलात तर दोन सेकंदांना एक. तिसरा स्वर मधे सोडला की हेलकाव्यात हेलकावा. महापुराच्या रचनेतली सगळी गती मी अशा फरकांतून काढली. आयर्विनचा आकडा वाढेल तसं दोन स्वरांतलं अंतर वाढत जातं, हेलकावे दाट होतात, आणि साडेसत्तावन्नच्या आसपास ते इतके जवळ येतात की वेगळे मोजता येत नाहीत. एकही ठोका नाही, तरी छातीवर दाब येतो.

ही माझी नवी कल्पना नव्हे. 1978 मध्ये ब्रायन इनो यांनी ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या फेऱ्या एकत्र सोडल्या. एक साधारण साडेतेवीस सेकंदांची, एक सव्वीसच्या आसपास, एक तीसच्या. त्या पुन्हा पहिल्यासारख्या कधी जुळतील हे ऐकणाऱ्याला आयुष्यात कळत नाही. आपल्याकडं त्याच्याही आधी, 1969 मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकेहून आलेल्या डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. तिथं काम केलेल्यांत गीता साराभाई होत्या. पखवाज शिकलेल्या, वाजवणाऱ्या स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतल्या त्या एक. हातात पखवाज असलेली व्यक्ती स्वरांच्या यंत्रासमोर जाऊन बसते, याचं मला अतोनात महत्त्व वाटतं. त्यांना ठोका येत नव्हता म्हणून त्या तिकडं वळल्या, असं कुणी म्हणू शकत नाही.

चरणजित सिंग यांची 1982 ची दहा रागांची डिस्को तबकडी माझी एके काळची लाडकी. रोलँडची तीन यंत्रं घेऊन मुंबईत एका माणसानं जे केलं ते जगाला कळायला 2010 उजाडलं. तिचा मोठेपणा मी आजही मानतो. पण आता ऐकताना एक गोष्ट टोचते. ललत पहाटेचा, मालकंस रात्रीचा, आणि दोन्हींच्या खाली तोच ठोका. प्रहर पुसून जातो. सतारीच्या जोड-झाल्यात चिकारीच्या तारांनी जी लय उभी राहते ती त्या रागाच्या पोटातून येते. कॉम्प्युटरवर मला ती पद्धत जास्त जवळची वाटते: एक उंच, आखूड स्वर मधूनमधून, कधी घट्ट, कधी विरळ, आणि बाकी सगळं त्याच्याभोवती.

माझं नवं काम पहिल्यांदा ऐकवलं ते डॉल्बीच्या धंद्यातल्या एका मित्राला. चार मिनिटं शांतपणे ऐकून त्यानं विचारलं, “सुरू कधी हुतंय?” त्याचा प्रश्न रास्त होता. त्याचा कान ज्या क्षणाची वाट पाहत होता तो मी ठेवलाच नव्हता. मग ऐकवलं गल्लीतल्या हलगी वाजवणाऱ्या आण्णांना. त्यांना हेडफोन नको होता, स्पीकरवरच लाव म्हणाले. डोळे मिटून बसले. बोटं गुडघ्यावर हलत होती, मधेच थांबत होती, पुन्हा हलत होती. संपल्यावर म्हणाले, “ठोका न्हाई, पर चाल हाय. वाजवणाऱ्याला गवसती.” त्यांनी बोटांनी जिथं जागा धरल्या होत्या तिथं खरोखरच हेलकाव्याची वरची टोकं होती. मी नंतर ताडून पाहिलं.

ढोल सोडल्यावर एक शाबासकी मिळायला लागली आणि ती मला नको आहे. ‘आता कसं सुसंस्कृत करतोयस, तो दणदणाट सुटला एकदाचा,’ असं म्हणणारे भेटतात. डॉल्बीच्या भिंतीनं म्हाताऱ्यांचा जीव कासावीस होतो, रात्री दहाचा नियम पाळला जावा, हे मलाही मान्य. पण त्या वाक्यातला ‘दणदणाट’ बऱ्याचदा डॉल्बीपाशी थांबत नाही, हलगीपर्यंत जातो, आणि हलगीवरून ती वाजवणाऱ्या घरांपर्यंत. लग्नात, मैदानात, मयताला ज्यांना वाजवायला बोलावलं आणि जेवायला बाहेर बसवलं, त्यांच्या वाद्याला हलकं ठरवून मिळणारी संस्कृती मला नको. हलगी विस्तवावर शेकून, कातडं ताणून, दोन काड्यांत जे बोल निघतात ते मला आयुष्यभर सिंथमध्ये जमणार नाहीत. मी ठोका सोडला तो हलका म्हणून नाही. रस्त्यावर हजार पायांना एकत्र चालवणं हे त्याचं काम आहे. रात्री एकटा बसून ऐकणाऱ्या माणसाशी बोलायला मला दुसरं काही हवं होतं.

यातूनच माझा एक व्यवहार बदलला. मंडळांची पोरं अजून येतात, ट्रॅक मागतात. सूर, धून, मधले तुकडे मी करून देतो. हलगीचे साठवलेले आवाज जोडून कॉम्प्युटरवर ठोका बांधायचं काम मात्र बंद केलं आहे. वाजवणारी माणसं दोन गल्ल्या पलीकडं राहतात, त्यांना बोलवा, त्यांची सुपारी द्या, असं सांगतो. काही मंडळं चिडून दुसरीकडं जातात. एक मंडळ गेल्या वेळी तयार झालं. त्यांच्यासाठी मी तंबोऱ्याच्या फेरीवर, ठोक्याविना, लांब धून केली आणि खाली आण्णांचा ताफा प्रत्यक्ष वाजला. कुठं थांबायचं, कुठं उठवायचं, हे त्यांनीच ठरवलं. धून मी मात्रांना बांधली नव्हती, त्यामुळं ते कुठंही आले तरी जागा होती.