मामांचे लिबरेटर

आमच्या वडूजला विमान उतरायला जागा नव्हती. रेल्वेसुद्धा कोरेगाव, रहिमतपूर, कराडच्या अंगाने निघून गेलेली. येरळेच्या काठचे आणि दरसाल पाण्याची वाट बघणारे हे तालुक्याचे गाव. आभाळ मात्र आम्हाला भरपूर मिळाले होते, आणि तेही विमानांच्या वाटेवरचे. नकाशावर मुंबई आणि बल्लारी पट्टीने जोडली, की ती रेघ खटाव तालुक्यावरूनच जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ‘पस मॉथ’ विमानाने जुहूला उतरले. तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला पोचवले. वाऱ्यापावसाने त्यांची वाट थोडी इकडेतिकडे सरकली असेल. पण शाळेच्या नकाशावर ती रेघ ओढताना ती आपल्या घरावरूनच गेली, अशी माझी पक्की खात्री असायची.

खटाव-माणच्या कोरडवाहू घरांत मुलगा हाताशी आला, की तो मुंबईला गिरणीत तरी जायचा, नाहीतर पलटणीत तरी. आमचे धाकटे मामा हवाई दलात गेले. पायलट म्हणून नव्हे, फिटर म्हणून. साठीच्या दशकात त्यांची नेमणूक पुण्याला, लोहगावला होती. दिवाळीच्या रजेवर ते आले, की अंगणात त्यांच्याभोवती आम्हा पोरांचा घोळका जमायचा. फराळाची ताटे समोर असायची, पण आमचे कान त्यांच्या एकाच शब्दाकडे लागलेले असायचे : लिबरेटर.

हे अमेरिकी बनावटीचे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख ११० फूट. मामा अंगणातून चालत पावले मोजून दाखवायचे, आणि पंख संपायच्या आत आम्ही शेजारच्याच्या गोठ्यात पोचलेलो असायचो. एकेका इंजिनात चौदा सिलिंडर, तेही चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार मांडलेले. रात्रभर विमान उभे राहिले, की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचते. तसेच इंजिन चालू केले, तर आतला दांडा वाकायचा. म्हणून सकाळी आधी दोघातिघांनी पंख्याची पाती हाताने ढकलून इंजिन फिरवायचे आणि मगच स्टार्टर दाबायचा. “थंडीत हात कळा मारायचं, पर एक पातं सोडायचं न्हाई,” मामा सांगायचे, आणि सांगता सांगता त्यांचे दोन्ही हात हवेत उचलले जायचे.

एवढ्या ॲल्युमिनियमच्या धुडाची सुकाणूची पाती आणि शेपटीवरच्या, नाक वरखाली करणाऱ्या झडपा मात्र कापडाने मढवलेल्या असत. ऐकून आम्हाला नवल वाटायचे. कापड आतल्या फासळ्यांना सुईदोऱ्याने टाचायचे, दर टाक्याला गाठ मारायची आणि वरून ‘डोप’ नावाच्या पातळ रोगणाचे हात द्यायचे. वाळताना कापड आक्रसते आणि टिचकी मारली, की हलगीगत वाजते. मामांच्या गणवेशाला त्या डोपचा उग्र, गोडसर वास असायचा. तो वास मी आजही ओळखीन.

पण या विमानाची खरी गोष्ट कानपूरची. मामा ती दर दिवाळीला सांगायचे आणि आम्ही दर दिवाळीला नव्याने ऐकायचो. दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रिटिशांकडे अमेरिकेची उसनवारीवर घेतलेली लिबरेटर होती. करार असा, की युद्ध सरल्यावर ती परत तरी करायची, नाहीतर निकामी तरी करायची. भारतातली विमाने कानपूरच्या चकेरी तळावर गोळा करून निकामी करण्यात आली. इंजिनांत वाळू घातली, यंत्रे फोडली, अंगावर अवजड गाड्या घातल्या. पुन्हा कुणी वापरू नये, याची पुरती तजवीज केली आणि मालक निघून गेले.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारताच्या हवाई दलाला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट (आजच्या एचएएल) कारखान्याची माणसे कानपूरच्या तळावरच्या गवतात उतरली. हा कारखाना १९४० मध्ये उभा केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, म्हैसूर सरकारच्या साथीने. युद्धकाळात तिथे अमेरिकी विमानांची दुरुस्ती झालेली असल्यामुळे कामगारांच्या हाताला त्या यंत्रांची ओळख होती. एकाचा पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके असे जमवत त्यांनी विमाने एकदाच्या उड्डाणापुरती उभी केली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळूरला उडवत नेली. अर्धी यंत्रे मुकी, कागदपत्रे नाहीत, आणि खाली हजार मैलांच्या आसपास मुलूख. बंगळूरला त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा कामाला लागली. त्यांतली पहिली त्याच वर्षी पाचव्या स्क्वाड्रनकडे सोपवण्यात आली. पुढे पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांच्याकडून समुद्रावर गस्त घालून घेतली. जगातल्या बाकीच्या हवाई दलांनी लिबरेटर कधीच मोडीत काढले होते. आपण ते १९६८ अखेरपर्यंत उडवले.

मामांना ही गोष्ट इतकी जवळची का होती, ते मला नंतर कळले. आमच्या मुलखात काही टाकून द्यायची रीत नव्हती. विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन बंद पडले, तर नवे घ्यायचा विचार कुणाच्या मनात येत नसे. ते उघडले जाई. मामांनी आमच्या इंजिनाच्या बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोके पाडून घेतली होती. बोल्ट आवळला, की त्या भोकातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टात अशा बाजूने अडकवायची, की एक सैल व्हायला लागला, तर तार त्याला उलट आवळून धरील. विमानात मोक्याच्या बोल्टांना अशी तार असते. आमच्या मळ्यातल्या इंजिनाला ती होती, याचा मला केवढा अभिमान!

जुनी वस्तू जपायची असते, हे मात्र आम्ही औंधला शिकलो. वडूजहून औंध जवळ. यमाईच्या दर्शनाला गेलो, की डोंगराच्या उतारावरच्या श्री भवानी संग्रहालयात जायचेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभारले. एवढ्याशा संस्थानच्या गावात राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे दगडातले ‘माता आणि बालक’ शिल्प आम्ही शाळकरी वयात पाहिले. याच औंधकर घराण्याने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ दिला आणि किर्लोस्करवाडी वसली. कला जपणारा आणि यंत्राला जागा देणारा राजा एकच! एकदा त्या दालनातून फिरताना मामा म्हणाले, “आमचं विमान बी असं एखाद्या खोलीत ठिवाय पायजे बग. पर एवढी मोठी खोली बांधायचा कोन?”

खोल्या बांधल्या गेल्या, त्या बहुतेक परदेशात. लिबरेटर निवृत्तीला येताच जगभरच्या संग्रहालयांना जाग आली. अठरा हजारांहून अधिक बांधलेल्या या विमानांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती आणि त्यांतली बरीच आपल्याकडे होती. १९६८ मध्ये एक कॅनडाला गेले. त्याच्या बदल्यात आपल्याला जुने लायसँडर विमान मिळाले, ते दिल्लीच्या पालम संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक विमान पुण्याहून उडून थेट अमेरिकेच्या ॲरिझोनात, टूसॉनला पोचले आणि तिथल्या पिमा संग्रहालयात विसावले. १९७४ मध्ये एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला दिले. त्याच सरकारने निकामी केलेला ठेवा भारतीय हातांनी जिवंत केला, वीस वर्षे राबवला आणि सन्मानाने परत दिला. आणखी एक विमान सुटे करून परदेशी नेले गेले. अमेरिकेच्या कॉलिंग्ज फाउंडेशनने ते घेतले आणि १९८९ मध्ये ते पुन्हा आकाशात गेले. एक लिबरेटर पालमलाही आहे. “आमच्यातलं एक अमेरिकेला गेलं,” असे मामा सांगायचे, तेव्हा त्यांचा आवाज लेक सासरी गेल्यासारखा व्हायचा.

नोकरीच्या निमित्ताने मी पुढे गोव्याला गेलो, तेव्हा वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय पाहिले. ते १९९८ मध्ये सुरू झाले. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. एअर इंडियाचे हे विमान, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. आपल्या वेरूळचे नाव घेऊन ते जगभर हिंडले, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात राबले. शेजारी सीलँड हे पाण्यावर उतरणारे विमान आहे. नौदलाच्या विमानदलाचा आरंभ १९५३ मध्ये त्याच जातीच्या विमानांनी झाला. मी कॉन्स्टेलेशनच्या पोटाखाली उभा राहिलो आणि मामांच्या सवयीने आधी रिव्हेटांच्या ओळी पाहिल्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियम आतून पांढरे पडून भुसभुशीत होते. उन्हाने काचा पिवळ्या पडतात, पाखरे इंजिनात घरटी बांधतात, टायर एका जागी बसून चपटतात. उघड्यावरचे विमान रोज थोडे थोडे जात असते. त्याला छप्पर हवे, आणि छपराइतकेच रोज फडके फिरवणारे हात हवेत.

हे काम बघायला सोपे, करायला महाकठीण. सापडलेले विमान आधी सोडवायचे, तेही एकेक बोल्ट चिठ्ठी बांधून. रिव्हेट काढून पत्रा उचलायचा, पंखाचा मुख्य कणा गंजला आहे का ते पाहायचे. मग मोठा निर्णय : ते उडवायचे, की नुसते जपायचे? उडवायचे, तर थकलेला प्रत्येक भाग बदलावा लागतो. जपायचे, तर शक्य तेवढा मूळ भाग, मूळ रंगाचा थर, एखाद्या फिटरने पेन्सिलीने लिहिलेला आकडासुद्धा ठेवावा लागतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. २०१८ च्या एप्रिलमध्ये भंगारातून सोडवलेले एक डकोटा विमान इंग्लंडहून उडत जामनगरला आले आणि ४ मे रोजी हिंडन तळावर हवाई दलाच्या पुरातन विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. राजीव चंद्रशेखर यांनी ते भेट दिले. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक होते. त्याला क्रमांक दिला व्हीपी ९०५. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला पहिल्यांदा उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. नाव ठेवले परशुराम. १९४२ च्या ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चात परशुराम घार्गे गोळ्या झेलून हुतात्मा झाले. त्यामुळे ती बातमी वाचताना आमच्या घरात सगळ्यांचाच ऊर भरून आला. लिबरेटरची आणि डकोटाची इंजिने एकाच जातीची. मामा असते, तर त्यांनी त्याचा आवाज ऐकून डोळे मिटले असते.

संग्रहालयातल्या पाटीवर विमानाचे नाव असते, क्रमांक असतो, पुष्कळदा वैमानिकाचेही नाव असते. ते असावेच. पण कानपूरच्या गवतात कुजणारे विमान ज्यांनी उभे केले आणि लोहगावच्या थंडीत ज्यांनी त्याची पाती फिरवली, त्या माणसांची नावे तिथे नाहीत. ती सातारा-सांगलीच्या, सोलापूरच्या, बंगळूरच्या घराघरांत आहेत.

मामांच्या माघारी त्यांची काळी लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तार पिळायची पक्कड, इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलेली कामाची वही आणि लिबरेटरपुढे उभ्या असलेल्या साथीदारांचा फोटो निघाला. फोटोच्या पाठीवर प्रत्येकाचे गाव लिहिले होते. आम्ही त्यांची नक्कल घरी ठेवून मूळ वही आणि फोटो संग्रहालयाकडे द्यायचे ठरवले आहे. तुमच्याही घरी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अशी पेटी खाली आली असेल. आजोबा, काका, मामा हवाई दलात, नौदलात, एचएएलमध्ये असतील. ती पेटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी उघडा, फोटोतल्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा आणि जे जपण्यासारखे आहे, ते योग्य जागी पोचवा. विमाने वाचवणाऱ्यांनी अख्खी विमाने वाचवली. त्यांच्या वह्या तरी आपण वाचवू या.