परळचं देणं

माझ्या आईचा रक्तगट १९५२ साली परळला सापडला. तेव्हा आई आठ वर्षांची होती, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत राहत होती आणि तिने मुंबई पाहिलीही नव्हती. आपला गट तिला स्वतःला कळला तो थेट १९८४ मध्ये. मधल्या काळात तिचं लग्न झालं, ती गिरगावात आली, तिची दोन बाळंतपणं झाली. या सगळ्यात तिला रक्त चढवायची वेळ एकदाही आली नाही, म्हणून ती वाचली.

चौऱ्याऐंशीत मात्र वेळ आली. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या आणि अंगावरून इतकं जात होतं की जिना चढताना ती दर मजल्यावर बसायची. ऑपरेशन ठरलं. कागदावर तिचा गट होता ओ पॉझिटिव्ह. बाबाही ओ पॉझिटिव्ह. दर गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त देणारा माणूस, त्यांना वाटलं, घरचंच काम आहे. त्यांनी बाही वर केली. रक्तपेढीत क्रॉसमॅच झालं आणि पेढीतल्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "तुमचं चालत नाही." मग पेढीतल्या ओच्या बाटल्या एकेक करून लावून पाहिल्या. प्रत्येक नळीत गुठळ्या.

त्या बाईंचं माझ्यावर पहिलं ऋण. 'जुळत नाही' असा शेरा मारून कागद परत करता आला असता, आणि तसा शेरा चुकीचाही ठरला नसता. पण त्या परळला शिकलेल्या होत्या. रक्तगट नुसता पेशी पाहून सांगायचा नाही, सिरमलाही विचारायचं, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण होतं. आईचं सिरम त्यांनी ओ गटाच्या पेशींवर घातलं. खऱ्या ओ माणसाच्या सिरमने तिथे काही करायला नको. आईच्या सिरमने त्या पेशी गोळा केल्या. "वहिनींचं रक्त ओलाही नको म्हणतंय," त्या बाबांना म्हणाल्या. संध्याकाळी घरी नायगावला जाताना त्यांनी बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आईच्या रक्ताच्या नळ्या ठेवल्या आणि वाट वाकडी करून केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या रक्तविज्ञान संस्थेत त्या नेऊन दिल्या. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली ती संस्था. तिथे रक्तावर एका काटेरी पिवळ्या झुडपाच्या बियांचा अर्क घालून पाहतात. ओ गटाच्या पेशी त्याने लगेच गोळा होतात. आईच्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला: बॉम्बे गट.

हे नाव आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. संस्थेतल्या डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून सगळं समजावलं, मी शेजारी होते. तांबड्या पेशीवर साखरेची एक बारीक साखळी असते. तिच्या टोकाला आणखी एक साखर जोडली की तयार होतो एच. ही झाली खुंटी. ए गटवाल्यांच्या खुंटीवर एक टोपी, बीवाल्यांच्या खुंटीवर दुसरी, एबीच्या खुंट्यांवर दोन्ही आणि ओवाल्यांची खुंटी रिकामी. आईची खुंटीच नव्हती. त्यामुळे साध्या तपासणीत ती ओ दिसायची. पण ओच्या रक्तात खुंट्याच खुंट्या, आणि तिच्या शरीराला खुंटी म्हणजे परकी वस्तू. बाबांची बाटली चढवली असती तर त्यातल्या पेशी तिच्या शिरांतच फुटल्या असत्या आणि मूत्रपिंडं गेली असती.

हे ज्यांच्यामुळे कळलं ते डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. ते ज्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आणि केईएममध्ये काम करत, ती जोडी १९२६ साली उभी राहिली ती देणगीदारांच्या एका अटीवर: इथले शिक्षक भारतीयच असतील. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली राबण्याच्या काळात घातलेली ती अट पंचवीस वर्षांनी अशी फळाला आली. रेल्वेच्या अपघातात सापडलेला एक माणूस आणि सुरीने भोसकलेला दुसरा, या दोघांना कोणाचंच रक्त जुळेना, अशी हकीकत सांगतात. तिथून हे कोडं सुरू झालं. नमुने लंडनला गेले. तिथे रेस आणि सँगर हे रक्तगटांतले जाणकार होते, आणि त्या पदार्थांची रसायनं उकलणारे मॉर्गन आणि वॉटकिन्स. मे १९५२ च्या 'लॅन्सेट'मध्ये सात जणांच्या नावाने जेमतेम दोन पानांचा लेख आला. ए आणि बी कशावर उभे असतात, हे कोडं सोडवताना पुढे या खुंटी नसलेल्या रक्ताचाच आधार झाला. जगाला ही पायरी कळली ती परळच्या वॉर्डातल्या अडलेल्या माणसांमुळे. शास्त्रज्ञांची नावं लेखावर आहेत. ज्यांच्या रक्ताने हट्ट धरला त्यांची नाहीत. माझं दुसरं ऋण त्यांचं.

डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "खुंटी नसली तरी टोपीचं जनुक असू शकतं, फक्त दिसत नाही. मुलांत मात्र ते उमटतं. या मुलीचा गट कुठला?"

"बी," मी म्हणाले.

त्याआधी दोन-एक वर्षांची गोष्ट. कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी बोटं टोचून आपापला गट काढला. माझा आला बी. आई-वडिलांचे गट लिहायचे होते, ते मी घरच्या कागदांवरून उतरवले: ओ आणि ओ. पुस्तकात तर ठणठणीत लिहिलेलं, दोन ओंच्या पोटी बी येत नाही. सर म्हणाले, कागदावर चूक असेल. वर्ग हसून पुढे सरकला. ते जर्नल मी घरी टेबलावर ठेवलं होतं आणि बाबांनी ते वाचलं होतं, हे मला त्या दिवशी परळला कळलं, कारण डॉक्टरांनी "बरोबर, बीच असणार" म्हटल्यावर बाबांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. बाहेर पडल्यावर, हिंदमातापर्यंत चालत आल्यावर ते म्हणाले, "मला कधी विचारायचंच नव्हतं." पुढे एक शब्द नाही. आईला हे दोघांनीही कधी सांगितलं नाही. किती घरांत असा एखादा कागद आला असेल, तो कपाटात कोणत्या घडीखाली गेला असेल आणि त्या घरांना परळ माहीत नसेल, हा विचार मला अजून सोडत नाही. संशोधनाने प्राण वाचतात हे सगळेच सांगतात. कोणा बाईचा शब्दही वाचतो, हे मी घरात पाहिलं.

आता रक्त हवं होतं. भावंडांत गट जुळण्याची शक्यता चारात एक. मावशीचं जुळलं नाही. मामा रातराणीने आला, त्याचं जुळलं. एक बाटली झाली. डॉक्टरांना निदान दोन हव्या होत्या. मुंबईत या गटाचं प्रमाण सुमारे ७,६०० माणसांमागे एक असं भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये काढलं होतं. युरोपात हेच दहा लाखांत एक. म्हणजे आपल्या शहरात अशी माणसं बरीच, पण बहुतेकांना स्वतःचा पत्ता नाही. संस्थेच्या वहीत ज्यांचा लागला होता त्यांत लालबागचा एक गिरणी कामगार होता. शिपाई त्याच्या चाळीत निरोप ठेवून आला.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने त्याची गिरणी गेली ती गेलीच. तो भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलत होता. त्या काळी रक्त विकणं चालायचं. पैसे घेऊन बाटली देणारे रक्तपेढ्यांच्या दाराशी उभे असायचे आणि ते बंद झालं १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. लालबाग-परळच्या कित्येक घरांत तेव्हा चूल कशी पेटत होती ते सांगायला नको. या माणसाने मनात आणलं असतं तर तोंडाला येईल तो आकडा सांगितला असता आणि बाबांनी आईचे दागिने मोडून तो दिला असता. रक्त देऊन झाल्यावर चहा पिताना तो म्हणाला, "आजचा खाडा तेवढा भरून द्या." बाबा जास्त देऊ लागले तर त्याने वरचे पैसे टेबलावर मोजून परत ठेवले. फुकट दिलं असतं तर तो देव झाला असता आणि आम्ही त्याला हार घालून मोकळे झालो असतो. त्याने खाडा घेतला आणि माणूसच राहिला. म्हणूनच तो हिशेब मिटला असं मला आजही वाटत नाही.

आई बरी झाली. अंगात रक्त भरल्यावर, वर्ष उलटल्यावर तिने त्याच वहीत आपलं नाव घातलं. तिथे या गटाचं उफराटं व्यवहारशास्त्र लक्षात आलं. खुंटी नसलेल्या तांबड्या पेशी इतरांना सहसा बाधत नाहीत. आई बहुतेक कोणालाही देऊ शकत होती, घेऊ मात्र फक्त आपल्यासारख्यांकडून. आणि तिच्या मुलांना, म्हणजे मला आणि भावाला, त्या वहीत जागाच नव्हती. बाबांकडून आलेल्या खुंट्या आमच्या अंगात होत्या. लालबागच्या त्या माणसावर प्रसंग आला असता तर मी दारात उभी राहूनही काही देऊ शकले नसते.

मला देता आली ती फक्त माहिती. संस्थेत आमच्या सगळ्या घराची रक्तं तपासली, थुंकीचे नमुने घेतले, कागदावर वंशवेल काढली. आजीला विचारलं, "तुमचे यजमान नात्यातले का?" ते आजीचे आतेभाऊ. कोकणात अशी लग्नं सर्रास व्हायची. आजीला वाटलं दोष काढतायत, ती फणकारून म्हणाली, "घरातलं घरात राहावं म्हणून दिली मला." डॉक्टर हसले नाहीत, लिहून घेतलं. या गटाचा आणि नात्यातल्या लग्नांचा संबंध भाटिया आणि सांघवी यांनी १९६२ मध्येच दाखवला होता. त्याही आधी, १९४९ मध्ये, सांघवी आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी मुंबईतल्या आपापसातच सोयरीक करणाऱ्या सहा समाजांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले होते. आपण जाती-पोटजातींच्या भिंती किती घट्ट बांधल्या ते रक्तात कसं उतरतं, हे या परळच्या मंडळींनी बोटभर रक्तावरून वाचायला घेतलं. घरातलं घरात ठेवता ठेवता आमच्या घराने असं रक्त जपलं की त्याला बाहेरचं सोसेना. आणि प्रसंगाला धावून आला तो आजीने ज्याच्याशी सोयरीक स्वप्नातही केली नसती असा माणूस.

पुढे नव्वदच्या दशकात या खुंटीचं जनुक हाती लागलं, एकोणिसाव्या गुणसूत्रावरचं. तपासलेल्या भारतीय बॉम्बे गटाच्या बहुतेक लोकांत त्या जनुकात एकाच जागी एकच अक्षर बदललेलं निघालं. इतक्या वेगवेगळ्या गावच्या, जातीच्या माणसांत नेमकं तेच अक्षर, याचा साधा अर्थ असा की तो बदल फार पूर्वी कोणा एकात झाला आणि त्याच्याकडून वाटत वाटत इथवर आला. हे वाचलं तेव्हा आजी नव्हती. असती तर तिला मी सांगितलं असतं, तो पाटीवाला तुझ्या यजमानांइतकाच नात्यातला, फक्त पिढ्या जास्त मोजाव्या लागतील.

आता आईही नाही. लालबागची ती चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि त्या माणसाचा माग लागला नाही. साठवलेल्या रक्ताचं आयुष्य सहसा पाच-सहा आठवड्यांचं. म्हणून या गटाचा खरा साठा बाटल्यांत नसतो, यादीत असतो, आणि यादीत माणसं घालणं एवढंच माझ्या हातात आहे. मामाच्या, मावशीच्या घरचं कोणी ओ निघालं की मी मागे लागते, सिरमपण तपासून घ्या. सगळे कंटाळलेत मला. मामाची नात मात्र तपासून आली आणि निघाली आजोबांवर. दादरला नोकरी करते. गेल्या पावसाळ्यात तिला एका हॉस्पिटलातून फोन आला, ती डबा अर्धा टाकून गेली. तिथून तिने मला विचारलं, "आत्या, फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' असा रकाना आहे. काय लिहू?"

"लांबचं," मी म्हणाले. तिने तसंच लिहिलं, आणि काउंटरवरच्या माणसाने न विचारता शिक्का मारला.