पर्वतीच्या पायऱ्या

पुण्यांतील कित्येक मंडळी पर्वतीवर दर्शनापेक्षां प्रकृतीसाठींच अधिक जातात. देवदेवेश्वराचें हें देवालय नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधिलें. तेथवर १०३ रुंद पायऱ्या. वर पोंचलें कीं एकीकडे सारें शहर, दुसरीकडे सिंहगड.

माझे एक स्नेही, अंगानें सडपातळ, शुद्ध शाकाहारी, ह्या पायऱ्या रोज तीनदां न थांबतां चढतात. परवां त्यांच्या रक्तांत एलडीएल कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला २१० मिलिग्रॅम निघालें, तेव्हां ते अगदीं सर्द झाले! व्यायामानें वजन व रक्तदाब आटोक्यांत राहतात, हें खरें. परंतु हें एलडीएल रक्तांतून उचलण्याचें काम मुख्यत्वें यकृताचें. तें मंद असण्याचा दोष कांहीं घराण्यांत वंशपरंपरेनें येतो, व आईबापांपैकीं एकास तो असल्यास दर अपत्यास येण्याचा संभव निम्मा. स्नेह्यांचे वडील एकावन्नाव्या वर्षीं हृदयविकारानें गेले. घरच्यांनीं त्याचें खापर कचेरीच्या दगदगीवर फोडलें होतें.

आतां डॉक्टरांनीं स्टॅटिनची गोळी दिली असून भावंडांचें व मुलांचें रक्तही तपासावयास सांगितलें आहे. चढणें मात्र सोडूं नका, असेंही बजाविलें. थोरले बंधु तपासणीस अद्याप तयार नाहींत. येत्या रविवारीं वहिनीच त्यांस घेऊन जाणार आहेत.