रक्तवाहिनीचे अस्तर

मुक्काम गडचिरोली

चि. धाकट्या बंधूस,

पत्र पावले. रक्तदाब १५० वर ९६ भरला, डॉक्टरांनी गोळी देऊन शिवाय रोज चालण्यास सांगितले, ही हकीकत कळून काळजी वाटली. आणि गोळी चालू असता चालण्याची यातायात कशासाठी, हा जो प्रश्न तू केला आहेस, त्याचे सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

धमनीच्या आतल्या अंगास पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते. ते काढून टाकले असता, एरवी ज्या द्रव्याने धमनी सैल पडते त्याचाच उलट परिणाम होऊन ती आकुंचन पावते, असे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखविले. पुढे अस्तरातून पाझरणारा तो शिथिलकारी पदार्थ नायट्रिक ऑक्साइड वायू असल्याचे सिद्ध होऊन १९९८ साली त्यांना, इग्नारो व मुराद यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले. वाढलेल्या रक्तदाबात हा पाझर मंदावतो, धमनी ताठर होते आणि त्या ताठरपणामुळे दाब आणखी चढतो. या दुष्टचक्रावर चालण्याचा इलाज चालतो तो असा, की झपझप पावले टाकू लागताच वेगाने धावणारे रक्त अस्तरास घासून जाते व त्या घर्षणाच्या इशाऱ्यानेच वायूची निर्मिती वाढते. हे नित्य घडले तर काही आठवड्यांत धमनीची प्रसरणशक्ती सुधारून वरचा दाब साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. व्यायाम सुटला, की लाभही ओसरतो.

तू म्हणशील, आपल्याकडचा शेतकरी धानाच्या बांधीत जन्मभर राबतो, त्याला मग वाढल्या दाबाने येणारा लकवा का मारतो? प्रश्न रास्त आहे. ‘सर्च’ संस्थेने या जिल्ह्यातील ८६ खेड्यांत केलेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लकवा हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक त्याचा. माझ्या मते, वर्षानुवर्षे न मोजलेला दाब आणि दिवसभर तोंडात धरलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा यांपुढे एकटे श्रम पुरे पडत नाहीत; श्रमाने अस्तरास जे लाभते, ते तंबाखू हिरावून नेते. कचेरीत बसून दफ्तर सांभाळणाऱ्या तुझ्यापाशी तर खर्रा आहे आणि श्रम नाहीत.

तेव्हा आठवड्यातून निदान पाच दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चाल. तुझ्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून ऊन चढण्यापूर्वीच नीघ. मात्र रानवाट धरू नकोस, पहाटे मोहफुले वेचण्यास गेलेल्यांवर वाघ कसा झडप घालतो हे तू जाणतोस. रामाळा तलावाकडचा वस्तीचा रस्ता बरा. श्वास कोंडून जड ओझे उचलू नकोस; छातीत कळ आली वा भोवळ आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना गाठ.

गोळी त्यांच्या हुकुमावाचून बंद करू नकोस, खर्रा मात्र आजच बंद कर, आणि महिन्याने दाब मोजून आकडा मला कळव.

तुझा,
दादा