बावखलाच्या काठी

वसईतील आमची वाडी अवघ्या 20 गुंठ्यांची, म्हणजे अर्ध्या एकराची. एवढ्या जमिनीवर कुटुंबाचे पोट भरेल, अशी अपेक्षा आज कुणी धरीत नाही. आम्ही मात्र ताटातील एकेक पदार्थ बाजारातून वाडीत परत आणीत गेलो. प्रथम अळू, दुधी, पडवळ; मग कोंबड्या; शेवटी एक म्हैस. केळीचा घड उतरला की खोडाचे तुकडे म्हशीपुढे पडतात आणि तिचे शेण कुजून पुन्हा केळीच्या आळ्यात जाते. खाऊन उरलेल्या राजेळीची सुकेळी होतात.

या साऱ्याचा आधार म्हणजे आमचे बावखल. पूर्वजांनी खणलेले हे तळे पावसाचे पाणी जमिनीत मुरविते. समुद्राकाठी गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते आणि विहिरी मचूळ होतात. टँकरसाठी पाणी विकण्याची मागणी आली, तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा खर्च आमच्या डोळ्यांसमोर होता. दोन रात्री घरात विचारविनिमय झाला. अखेर आम्ही नकार दिला. त्या वर्षीची फी म्हशीच्या दुधावर आणि सुकेळ्यांवर, ओढाताण करीत भरली.

तांदूळ, तेल, मीठ आजही आम्ही विकतच आणतो. शेजारच्या विहिरीला आमच्या बावखलाचा पाझर लाभतो. त्यांच्या माडांचे नारळ आमच्या स्वयंपाकघरात येतात. स्वावलंबी घरालाही शेजार लागतो, हे या मातीने आम्हांस शिकविले.